बेस जरा कमी कर

फणसाच्या आठळ्या कोणी मुद्दाम जमवत नाही. फणस खाल्ला की आठळ्या धुऊन टोपलीत टाकायच्या, पुढे कधीतरी भाजीत घालू म्हणून. आणि मग एक दिवस बघावं तर टोपली भरलेली असते. आमच्या ऑर्केस्ट्राचे किस्से माझ्याकडे असेच साठले आहेत. चार मित्र जमले की कोणीतरी म्हणतं, "अवि, तो नारळाचा सांग." मी सांगतो, आणि सगळे पोट धरून हसतात. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला आजतागायत कळलेलं नाही. अन्याय माझ्यावर झालेला आणि हे एकमेकांना टाळ्या देतात!

तर आधी माणसं सांगतो. मी बेस गिटार वाजवतो. रत्नागिरीत आमचा ऑर्केस्ट्रा आहे. त्याचं नाव सांगत नाही, नाहीतर उद्या सकाळी नानांचा फोन येईल. नाना म्हणजे आमचे मालक, मुख्य गायक, निवेदक आणि चहाला गाडी कुठे थांबवायची ते ठरवणारे. कीबोर्डवर मिलिंद, साउंडवर दिगू. बाकी ढोलकीवाला, ऑक्टोपॅडवाला आणि गायिका यांच्याशी माझं भांडण नाही, म्हणून त्यांची नावं घेत नाही. हळद, रिसेप्शन, गणपती, शिमगा, कुठल्या तरी पतपेढीचं स्नेहसंमेलन, जिथे बोलावतील तिथे आम्ही जातो.

दिवसा मी बंदराजवळ बर्फाच्या कारखान्यात मशीन सांभाळतो. तिथला कॉम्प्रेसर इतक्या खालच्या सुरात बोलतो की नवीन माणसाच्या तो लक्षातच येत नाही. बंद पडला की मात्र सगळे धावत येतात. त्यामुळे खालच्या सुराची किंमत मला चांगली ठाऊक आहे. नानांना नाही. नाना प्रत्येक कार्यक्रमात निदान एकदा मागे वळतात आणि म्हणतात, "अवि, बेस जरा कमी कर." एकदा तर मी गिटारच्या पिशवीची चेन उघडत होतो, तेव्हाच म्हणाले!

*

पालीला एका हळदीला गेलो होतो. मांडवात सामान लावत होतो तर नवरीचे मामा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. बराच वेळ माझ्या गिटारकडे बघत होते. मग मला हाताला धरून मांडवाच्या बाहेर, आंब्याखाली घेऊन गेले आणि हळू आवाजात विचारलं, बाकीच्या दोन तारा केव्हा तुटल्या?

मी सांगितलं की बेसला चारच तारा असतात. जाड असतात, खालचा सूर देतात. मामांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं. पण माणूस भला होता. त्यांना वाटलं मी लाजेने झाकतोय. त्यांचा पुतण्या गिटार शिकत होता, त्याच्या घरी त्यांनी मोटारसायकल पिटाळली आणि दोन तारा आणून माझ्या हातात ठेवल्या. वर नानांना जाऊन सांगितलं की वादकांची अशी आबाळ करू नये, बिचारा मोडक्या वाद्यावर वाजवतो.

नानांनी काय करायला हवं होतं? सांगायला हवं होतं की नाही, की बाबा, हे वाद्यच असं असतं? नानांनी हात जोडले आणि म्हणाले, पुढच्या वेळी काळजी घेऊ. त्या तारा अजून माझ्या घरी खिळ्याला लटकलेल्या आहेत.

*

आता थोडं शास्त्र सांगतो. पाच मिनिटं दम धरा, कारण पुढचं सगळं महाभारत त्यावरच आहे.

माझ्या बेसला दोन पिकअप आहेत. पिकअप म्हणजे तारांच्या खाली बसवलेली एक लांबट डबी. आत लोहचुंबक, आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की आत वीज उठते आणि तीच पुढे स्पीकरमधून आवाज होऊन बाहेर पडते. एक पिकअप आहे गळ्याच्या बाजूला, म्हणजे तारांच्या मध्याकडे. दुसरा आहे पार खाली, जिथे तारा ब्रिजला बांधलेल्या असतात तिथे. तारा त्याच, बोटं तीच, पण दोन्हींचे आवाज दोन वेगळ्या माणसांसारखे. गळ्याकडचा भरदार आणि गोल, ब्रिजकडचा किरटा पण स्पष्ट.

असं का, ते मी एकदा सुनंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीला, समजावत होतो. शब्दांनी जमेना, म्हणून मी पडवीतल्या कपड्यांच्या दोरीचा आधार घेतला. म्हटलं, हे बघ, दोरी मध्ये ओढून सोडली की केवढी मोठी हेलकावते. आता खांबाजवळ बघ, तिथे दोरी जेमतेम थरथरते. मध्याजवळ कान ठेवलास तर तुला मोठे हेलकावे ऐकू येतील, खांबाजवळ ठेवलास तर बारीक थरथर. पिकअप म्हणजे तो कान!

प्रात्यक्षिक उत्तम झालं. फक्त दोरीवर तिने नुकतेच पिळून टाकलेले कपडे होते हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. दोन पांढरे शर्ट, एक चादर आणि तिची चांगली साडी अंगणातल्या लाल मातीत जाऊन पडली. सुनंदाने एकेक कपडा उचलला आणि म्हणाली, "समजलं. दोरी एकच, पण कान कुठे ठेवलात त्यावर काय ऐकू येणार ते ठरतं. आता धुवा हे."

मी सगळे कपडे धुतले. पण मला सांगा, जे तिला एका दोरीत कळलं, ते नानांना इतक्या वर्षांत कळू नये?

आणि नानांना तर ते कळायलाच हवं होतं. कारण नानांचा गळा कितीही गोड असला तरी अंतरा कुठे उचलायचा ते त्यांना समजत नाही. मधलं संगीत चालू झालं की नाना पुढच्या रांगेतल्या ओळखीच्या माणसांना नमस्कार करायला लागतात आणि त्यांचा हिशोब सुटतो. पहिल्या वर्षी दोन-तीनदा फजिती होताना पाहिली आणि मी एक युक्ती काढली. अंतऱ्याच्या जरा आधी गळ्याकडचा पिकअप बंद करायचा, नुसता ब्रिजकडचा ठेवायचा आणि जाड तारेवर खालून वर एक घसरा मारायचा. तो किरटा, स्पष्ट आवाज सगळ्या वाद्यांच्या गर्दीतून थेट नानांच्या पाठीत जातो. नाना लगेच उचलतात. मग मी पुन्हा दोन्ही पिकअप चालू करतो. हे मी कधी कोणाला बोललो नाही. नानांना वाटतं की आपल्याला ते आतूनच सुचतं. मुलाखतीत तसं सांगितलंही आहे त्यांनी!

*

नारळाचा किस्सा हा.

खंडेनवमीला आमची सगळी वाद्यं नानांच्या पडवीत चटईवर मांडतात. हळदकुंकू, झेंडूची फुलं, आपट्याची पानं. मग नाना गावच्या पद्धतीने गाऱ्हाणं घालतात. बा म्हाराजा, सुपाऱ्या भरपूर येऊ देत, रस्त्यात गाडी बंद पडू देऊ नको, कोणाची वाईट नजर असेल तर ती दूर कर. प्रत्येक मागणीला आम्ही सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, होय म्हाराजा. त्यानंतर चिऱ्यावर नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी वाद्यांवर शिंपडायचं.

त्या वर्षी मिलिंदने कीबोर्डवर आधीच प्लॅस्टिक घातलं होतं. दिगूने मिक्सर उचलून माजघरात नेला होता. नानांनी स्वतःचा माइक धुतलेल्या पंच्यात गुंडाळून ठेवला होता. विजेची वस्तू, पाण्याला भ्यायचं, हे प्रत्येकाला कळत होतं. उघडा कोण? माझा बेस! का, तर लाकूड दिसतं ना वरून.

नानांनी सगळीकडे दोन-दोन थेंब शिंपडले. करवंटीत पाणी बरंच उरलं होतं. नाना माझ्या बेसपाशी थांबले, म्हणाले की लाकडाला नारळाचं पाणी चांगलं, आणि अख्खी करवंटी गळ्याकडच्या पिकअपवर उपडी केली. वर मागणी घातली, "बा म्हाराजा, ह्याचा आवाज जरा नरम कर." मी ओरडायला तोंड उघडलं. पण इतका वेळ सवय लागलेली. माझ्या तोंडून सगळ्यांच्या बरोबरीने निघालं, होय म्हाराजा!

म्हाराजाने ऐकलं. खारी हवा आधीच होती, त्यात गोड पाणी. दिवाळी सरेपर्यंत आतली तार गंजून तुटली आणि गळ्याकडचा पिकअप कायमचा गप्प झाला. मी नानांना सांगितलं तर ते म्हणाले, देवाच्या प्रसादाने कधी काही बिघडत नाही, तू नीट बघ.

*

दिगूचे मेहुणे चिपळूणला पंपाच्या मोटारी रिवाइंड करतात. दिगू म्हणाला, कॉइल म्हणजे कॉइल, आपण त्यांच्याकडे देऊ. मी पिकअप घेऊन गेलो. मेहुण्यांनी तो तळहातावर ठेवून उलटासुलटा केला आणि हसले. पुराच्या चिखलातून काढलेल्या मोटारी मी चालू करून दिल्यात, म्हणाले, ही काय डबी!

पहिल्या खेपेला त्यांनी पंख्याची तार गुंडाळली. एवढी जाड की जेमतेम थोडे वेढे बसले आणि डबी भरली. आवाज असा आला की शेजारच्या घरात कोणीतरी बेस वाजवतंय. मी पुन्हा गेलो. बारीक तार का लागते, वेढे जास्त असले की आवाजात जोर का येतो, सगळं समजावून सांगितलं. मेहुणे म्हणाले, जोर पाहिजे तर एक एचपीची कॉइल टाकून देऊ का?

शेवटी बारीक तार मी मुंबईहून मागवून दिली. मग त्यांनी काम केलं, आणि मनापासून केलं हे मान्य करतो. वरून पाणबुडी पंपाला लावतात ते वॉर्निश ओतलं आणि दुकानाच्या नावाचा गॅरंटीचा स्टिकर लावून दिला. विहिरीत पडला तरी चालेल, म्हणाले. मी म्हटलं, विहिरीचं भय नाही, नवमीचं आहे. त्यांना काही कळलं नाही.

पण ही सगळी वळणं घेत पिकअप हातात यायला शिमगा जवळ आला. मधले महिने मी एका पिकअपवर काढले. आणि त्यातच तो संगमेश्वरकडचा माघी गणपती आला.

*

एकाच कॉइलच्या पिकअपची एक खोड असते. तारांचा आवाज तो ऐकतोच, पण आजूबाजूच्या विजेची घूंघूंही ऐकतो. दोन पिकअप एकत्र असले की त्यांची घूंघूं एकमेकांना मारते, म्हणून एरवी कळत नाही. एक गेला की राहिलेला मोकाट.

संगमेश्वरकडच्या त्या मंडळाने स्टेजवर अशी रोषणाई केली होती की विचारू नका. कमानीला माळा, मखराला माळा, माझ्या डोक्यावर माळा, आणि सगळ्या लुकलुकणाऱ्या. मी वायर जोडली आणि स्पीकरमधून गांधीलमाश्यांचं पोळं उठलं. दिगू माझ्यावर ओरडला, मी माळावाल्यावर ओरडलो, माळावाला अध्यक्षांकडे गेला. अध्यक्षांनी सांगितलं की माळा बंद होणार नाहीत, गिटार बंद करा.

तेवढ्यात मी रागाने वळलो आणि घूंघूं कमी झाली. आणखी वळलो, आणखी कमी. ह्या पिकअपचं असं आहे की एका विशिष्ट बाजूला तोंड केलं की त्याला आजूबाजूची वीज ऐकू येत नाही. मी हळूहळू फिरत राहिलो आणि घूंघूं पूर्ण थांबली तेव्हा माझं तोंड बरोबर गणपतीसमोर होतं आणि पाठ पब्लिककडे. जरा हललो की पोळं उठायचं. तेव्हा अख्खा कार्यक्रम मी तसाच उभा राहून वाजवला. मान वळवायची सोय नव्हती. मूर्तीच्या डोळ्यांत बघत लावणी वाजवली आहे मी!

कार्यक्रम संपला. अध्यक्षांनी माइक घेतला. म्हणाले, आजवर पुष्कळ कलाकार आले, सगळे लोकांसाठी वाजवून गेले, पण आज एक कलाकार असा आला की ज्याने एकदाही प्रेक्षकांकडे पाहिलं नाही, फक्त बाप्पासाठी वाजवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला शाल दिली आणि नारळ दिला. पुन्हा नारळच!

इतक्या वर्षांत माझ्या वाजवण्यासाठी कोणी मला रुमालसुद्धा दिलेला नाही. मला खरं कारण सांगायचं होतं, पण दोन म्हाताऱ्या बायका पुढे येऊन माझ्या पाया पडल्या आणि मी तसाच शाल सावरत खाली उतरलो. परत येताना नाना गाडीत पुढे बसले होते. घाटाचा चढ लागला तेव्हा मागे वळून म्हणाले, भक्ती कर, त्याला माझी ना नाही, पण बेस जरा कमी कर.

*

आता जे सांगतो त्यावर मित्रसुद्धा हसत नाहीत. निदान माझ्यासमोर तरी नाही.

चिपळूणहून पिकअप आला तो मी घरी बसवला. गळ्याकडचा एकटा वाजवून पाहिला, झकास. ब्रिजकडचा एकटा वाजवून पाहिला, झकास. दुसऱ्याच दिवशी शहरात एक रिसेप्शन होतं, तिथे मी ऐटीत गेलो. पहिलं गाणं सुरू झालं, मी दोन्ही पिकअप पूर्ण उघडले आणि खालचा सूर गायब! उरलं ते डासाच्या गुणगुणण्यासारखं काहीतरी, आणि वर ती घूंघूं, दुप्पट. अंतऱ्याआधी घसरा मारायला एक पिकअप बंद केला तर आवाज ठणठणीत. पुन्हा दोन्ही उघडले की गेला. मला वाटलं वायर ढिली आहे. दिगूला वाटलं मी मुद्दाम करतोय. त्याने बटण वर सरकवलं, घूंघूं सगळ्या हॉलभर पसरली आणि नवरदेवाच्या वडिलांनी जनरेटर तपासायला माणूस पाठवला.

भानगड काय होती ते दुसऱ्या दिवशी कळलं. दिगूच्या मेहुण्यांनी कॉइल उलट्या बाजूने गुंडाळली होती. पंपाला ती जशी गुंडाळतात तशी. त्यामुळे एक पिकअप आवाज पुढे ढकलायचा तेव्हा दुसरा मागे ओढायचा. एकेकटे दोघेही चांगले, एकत्र आले की एकमेकांचं बोलणं खोडून काढणार. अशी माणसं घराघरांत असतात, पण त्यांचं सोल्डरिंग करता येत नाही. मी पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि चहा थंड व्हायच्या आत बेस पहिल्यासारखा बोलायला लागला. पहिल्याहून बरा, खरं तर.

तसाच नानांकडे गेलो. म्हटलं, सापडलं, दुरुस्त झालं, ऐका. नाना म्हणाले, राहू दे. मिलिंदही तिथेच बसला होता आणि जमिनीकडे बघत होता. नानांनी सांगितलं की त्यांनी विचार केला आहे. बेसचा आवाज मिलिंद कीबोर्डवर डाव्या हाताने काढेल, त्याच्यात तो आवाज तयार भरलेलाच असतो, घूंघूं नाही, काही नाही. मी म्हटलं, आणि मी? तर म्हणाले, शिमग्याच्या कार्यक्रमाला ये. गावाने पोस्टरवर गिटारवाल्याचा फोटो छापला आहे, तेव्हा स्टेजवर गिटार दिसायला हवी. गळ्यात अडकव आणि उभा राहा. वायर लावायची नाही. त्यानंतर पुढे बघू.

लावायची नाही! इतकी वर्षं मी या माणसाची अब्रू अंतऱ्या-अंतऱ्याला सांभाळली आणि हा मला शोभेचा करून उभा करणार! घरी येऊन सुनंदाला सांगितलं की मी जाणार नाही. बेस विकून टाकतो. ती तांदूळ निवडत होती. तिला मी घसऱ्याचं कधी सांगितलं नव्हतं, ते त्या दिवशी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, सुपातला एक खडा काढून टाकला आणि म्हणाली, "जा तुम्ही. नुसते उभे राहा. आणि काहीसुद्धा करू नका."

*

पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या मानाच्या चौथऱ्यावर, बसली होती आणि अख्खा गाव समोर होता. मुंबईकर मंडळी झाडून आली होती. दिवेलागणीला आम्ही स्टेजवर चढलो. मी सवयीने बेसला वायर जोडली, खरंच सवयीने. नाना आले, त्यांनी स्वतःच्या हाताने वायर दोन्हीकडून काढली, गुंडाळी केली आणि आपल्या चमकीच्या कोटाच्या खिशात कोंबली. माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून. खिसा लहान पडला. वायरीचं एक टोक पिनेसकट बाहेर लोंबत राहिलं.

पहिलं गाणं सुरू झालं. मिलिंदचा डावा हात बेस काढत होता. आवाज गोड होता, खोटं कशाला बोलू. गुळगुळीत, कडा नसलेला. मी गळ्यात बेस अडकवून उभा होतो आणि बोटं तारांवर ठेवली होती. काहीसुद्धा करत नव्हतो.

नानांनी मुखडा गायला. टाळ्या पडल्या. मधलं संगीत सुरू झालं आणि नाना पुढच्या रांगेतल्या मानकऱ्यांना नमस्कार करू लागले. अंतऱ्याची जागा आली. अंतऱ्याची जागा गेली. मिलिंदने मधला तुकडा पुन्हा वाजवला. नानांनी सरपंचांना नमस्कार केला. मिलिंदने तिसऱ्यांदा वाजवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी पालखीकडे पाहिलं.

एव्हाना नानांच्या लक्षात आलं होतं की काहीतरी राहिलंय. काय राहिलंय ते मात्र कळत नव्हतं. त्यांनी एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. बायका पदराआड हसायला लागल्या. मागून कोणीतरी शिट्टी मारली. ढोलकीवाल्याने ठेका धरून ठेवला होता, पण त्याच्याही कपाळाला घाम आला होता. नाना इकडे बघत होते, तिकडे बघत होते. शेवटी नाना गर्रकन मागे वळले.

माइक तोंडाशीच होता, त्यामुळे सगळ्या गावाने ऐकलं. म्हणाले, "अवि, वाजव की रे!"

मी बेसची रिकामी बाजू पुढे करून दाखवली. वायर जिथे लागते ते भोक.

नानांनी त्या भोकाकडे पाहिलं. मग दिगूकडे पाहिलं, मिलिंदकडे पाहिलं. रागाने त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि खिशातलं टोक मांडीवर आपटत होतं. मग गावाकडे तोंड करून, कॉलर सारखी करत नाना गरजले, "ह्याची वायर कोणी नेलीन?"